घागर वाजवणारी पार्वताबाई

मोरतळ्यावर पार्वताबाईचं बोट लागल्याशिवाय घागर पाण्यात जात नसे. बोट म्हणजे चुन्याचं बोट. नवी घागर उपडी करून डाव्या तळहातावर घ्यायची, मधल्या बोटाच्या पेराने बुडाशी, पोटाशी, काठाशी ठोकायची, कान लावायचा; मनाला पटली तर चुन्याच्या वाटीत बोट बुडवून तिच्या पोटावर एक उभी रेघ ओढायची. रेघ असली की भोई ती घागर दुसऱ्यांदा बघतही नसत. रेघ नसली तर ती चुलीमागे राख भरायला जायची.

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना उजव्या हाताला एक पायवाट फुटते. सागाच्या रानातून वर वर जाते आणि डोंगराच्या खोलगटात एकदम पाणी लागतं. तेच मोरतळं. अलीकडच्या काठावर भोयांची घरं, पलीकडे गवळ्यांच्या झोपड्या आणि म्हशी. म्हशी पाण्यात उतरून शिंगाड्याचे वेल तुडवायच्या, त्यामुळे दोन काठांमधे वर्षभर शिव्यांची देवघेव चाले. लग्नकार्यात मात्र तिकडून दही येई नि इकडून मासळी जाई.

शिंगाड्याचा वेल आषाढात लावतात. दसऱ्यापर्यंत पानं अशी दाटतात की पाणी दिसतच नाही. पानांखाली काळं, गार पाणी आणि त्यात दोरखंडासारखे देठ. चांगला पोहणारा गडीही तिथे पोहू शकत नाही. पाय जितका झाडावा तितका वेल गुंडाळतो. म्हणून भोई सांगडीवर जातात. दोन घागरी उपड्या ठेवायच्या, त्यांना आडवे बांबू बांधायचे, बांबूवर बसायचं आणि हातांनी पानं सारत पुढे जायचं. वेल उचलायचा, खालचे शिंगाडे तोडून टोपलीत टाकायचे. उपड्या घागरीत कोंडलेली हवा माणसाला तोलून धरते. घागरीला केसाएवढी चीर असेल तर काठावर ती कळत नाही. रिकामी सांगड शहाण्यासारखी तरंगते. माणसाचं वजन आलं की चिरेतून हवा निसटायला लागते. बुडबुडे पानांखाली दडतात. कळतं तेव्हा माणूस तळ्याच्या मधोमध असतो.

सत्यभामा अशीच गेली. पार्वताबाईची ती धाकटी जाऊ. नवी सून म्हणून तिला मधल्या डोहावरचं पहिलं तोडणं दिलं होतं, कारण मोरतळ्याची रीतच तशी होती. नव्या सुनेने पहिली टोपली मधल्या डोहावरून भरून आणायची, मग ती तळ्याची झाली. घाईघाईत कुणीतरी न वाजवलेली घागर बांधली. पार्वताबाई काठावर उभी होती. सांगड एका अंगाला कलली, सत्यभामाने मागे वळून पाहिलं, तिचा एक हात वर आला, आणि पानं दोन्हीकडून पुन्हा जुळली. दुसरी सांगड तिथे पोचेपर्यंत त्या जागेवर काहीच नव्हतं. नुसती हिरवीगार पानं, आणि त्यावर एक पाणकोंबडी चालत होती.

त्या दिवसापासून प्रत्येक घागर पार्वताबाईच वाजवू लागली. तिला कुणी नेमलं नाही नि कुणी अडवलंही नाही. कान असा की परतवाड्याच्या बाजारात कुंभाराच्या ढिगासमोर बसून ती टिचक्या मारायला लागली, की कुंभार म्हणायचा, “बाई, मडकं घेऊन राह्यली का माही परीक्षा?” त्यानंतर मोरतळ्यात कुणी बुडालं नाही.

मग हिवतापाची साथ आली. पार्वताबाईचा नवरा त्यात गेला. तिला महिनोन् महिने कुनैनच्या कडू गोळ्या खाव्या लागल्या. ताप उतरला, पण कानात रातकिडे शिरले. भर दुपारीही किर्र वाजत राहायचे. पहिल्या वर्षी त्या किरकिरीच्या पलीकडून माणसं बोलायची, कोंबडा आरवायचा, घागर वाजायची. हळूहळू सगळं लांब गेलं. रातकिडे तेवढे जवळ राहिले.

तिने कुणाला सांगितलं नाही. लोकांच्या ओठांकडे बघायला शिकली. समोरचा पाठमोरा असला की ती स्वतःच बोलायला लागायची आणि बोलतच राहायची, म्हणजे त्याला बोलायची सवड मिळू नये. भोईपुऱ्यातल्या बायका म्हणायच्या, “बुढी लय बडबडी झाली व, कोनाचं आयकूनच घेत नाई.” ते त्यांचं बोलणंही तिच्या पाठीमागेच व्हायचं, त्यामुळे तिला कळायचं नाही.

घागरी वाजवायला ती आता घरामागे बसू लागली. “गलक्यात नाई समजत,” म्हणायची. घरात नवी सून आली त्या साली तिने नव्या घागरी एकेक करून हातावर घेतल्या. टिचकी मारली. पेराला मातीचा टणकपणा लागला, आवाज नाही. पुन्हा मारली. रातकिडे. सगळ्या घागरी एकच बोलत होत्या, म्हणजे कुठलीच बोलत नव्हती. बऱ्याच वेळाने तिने चुन्यात बोट बुडवलं आणि रेघा ओढल्या. सगळ्याच पास केल्या तर लोकांना शंका येईल, म्हणून हाताला लागल्या त्या काही घागरी उचलून चुलीमागे टाकल्या. का त्याच, ते तिलाही सांगता आलं नसतं. पुढे कितीतरी वर्षं तिच्या स्वप्नात त्या टाकलेल्या घागरी येत. चांगल्या, खणखणीत, राखेने भरलेल्या.

दसरा झाला आणि माणिकबाई मोरतळ्यावर आली. पार्वताबाईची ती विहीण. पार्वताबाईचा एकुलता एक मुलगा श्रावण, त्याची बायको गोदा, आणि गोदाची आई ही माणिकबाई. तिचं घर मूर्तिजापूरच्या पलीकडे पूर्णाकाठी, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात. तीही भोयाचीच, पण नदीवरची. जाळं, डोंगा, उघडं पाणी हे तिचं जग. गोदाचं लग्न उन्हाळ्यात झालेलं. लेकीचं डोहावरचं पहिलं तोडणं बघायला म्हणून ती छोट्या रुळांच्या आगगाडीने एलिचपूर, तिथून परतवाडा, पुढे मोटारीने घाटात आणि मग पायी, डोक्यावर ज्वारीच्या पिठाचं गाठोडं घेऊन आली.

काठावर उभं राहून तिने कमरेवर हात ठेवले.

“ईनबाई, हे तयं हाये का वावर? पानी कोठी ठेवलं?”

“खाली हाये. आमी झाकून ठेवतो. तुमच्या पूर्णेवानी उघडं नाई टाकत.”

“आमचं खारं हाये बाप्पा, झाकलं काय नि उघडं काय, कोनी चोरत नाई!”

दोघी हसल्या. माणिकबाईने ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं, “साखर हाये व,” म्हणाली. मग तिने तळ्याच्या मध्याकडे तोंड वळवलं आणि विचारलं, “मधी किती खोल हाये?”

ओठ दिसले नाहीत. पार्वताबाईला एवढंच कळलं की काहीतरी विचारलं गेलंय. ती लगेच गवळ्यांच्या म्हशींवर घसरली. या म्हशी कशा माजल्यात, परवा वेल कसे तुडवले, गवळी कसा उलटा भांडायला आला. माणिकबाई तिच्याकडे बघत राहिली. खोली विचारली तर ही म्हशी सांगते. हिला सांगायचं नाही, म्हणजे पाणी वाईट आहे. माणिकबाईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं ते गेलंच.

घरी जेवताना तिने समोर बसून स्पष्ट विचारलं. “ईनबाई, गोल गोल नका बोलू. इथी एक सून बुडाली, मले मालूम हाये. माही पोट्टी नदीत वाढली, पन तिले हे पानांचं पानी मालूम नाई. ते परत काठाले लागन ना?”

हे सगळं पार्वताबाईला ओठांवरून नीट कळलं. गोदा चुलीपाशी भाकर थापत होती. तिचा हात थांबला.

“तिच्या दोन्ही घागरीले माहं बोट लागलं हाये,” पार्वताबाई म्हणाली.

“तेवढं पुरते?”

“सत्यभामा गेली तवापासून पुरून राह्यलं.”

माणिकबाईने मान हलवली आणि भाकरीचा तुकडा मोडला. पार्वताबाईने मात्र आपली भाकर मोडलीच नाही. भाकर भाजताना गोदाने एकदा सासूकडे पाहिलं आणि पुन्हा तव्याकडे. त्या बघण्यात काय होतं ते पार्वताबाईला वाचता आलं नाही, आणि जे वाचता येत नाही त्याची तिला आता भीती वाटायची.

दुसऱ्या दिवशी गडी माणसं काठालगतचे शिंगाडे तोडायला उतरली. श्रावणची सांगड पहिली. काठापासून थोडी पुढे गेली असेल, तोच एक घागर भसकन पाण्यात शिरली आणि श्रावण उताणा पडला. तिथे कमरेएवढंच पाणी होतं. तो उभा राहिला तेव्हा त्याच्या डोक्यावर वेलाचा मुंडावळ्यांसारखा गुंता लोंबत होता. काठावर हशा पिकला.

“अरे, दुसरं लगन लावून राह्यला का तयातल्या तयात?”

“कुंभारानं माती खाल्ली रे!” श्रावण ओरडला. “रेघ तं चांगली ठसठशीत हाये!”

“माय, या खेपी कुंभाराच्या कानाखाली वाजव, घागरी नको वाजवू!” काठावरून कुणीतरी म्हणालं.

पार्वताबाईने सगळ्यांची तोंडं उघडलेली पाहिली, म्हणून तीही हसली. मग हशा ओसरायच्या आत घरामागे निघून गेली.

श्रावण कमरेएवढ्या पाण्यात होता म्हणून उभा राहिला. गोदा उद्या डोहावर जाणार.

दुपारी बायका शिंगाडे उकडायला बसल्या तेव्हा ती गोदाच्या दोन घागरी घेऊन घरामागे बसली. टिचकी. कान लावला. कपाळ लावलं. दातांनी काठ धरून टिचकी मारली. दात हलल्यासारखे झाले, पण घागर काही बोलली नाही. मग दोन्ही काठोकाठ पाण्याने भरल्या आणि डोळे फाडून बघत बसली. थोड्या वेळाने दोन्ही घागरी बाहेरून ओल्या झाल्या. नवी घागर पाझरतेच. घाम कुठला आणि चिरेचं पाणी कुठलं, ते डोळ्याला कसं समजावं? हात फिरवला तर सगळीकडे सारखाच ओलावा.

घागरी बदलून टाकाव्यात? बदलायच्या कशाशी? सगळ्यांवर तिचंच बोट होतं. कालपर्यंत जी रेघ लोकांना छातीवरच्या ताइतासारखी होती, ती आज तिला कोडासारखी दिसू लागली. प्रत्येक सांगडीवर, प्रत्येक घरासमोर, पांढरी रेघ.

सांगायचं, तर काय सांगायचं? लोक विचारतील, कधीपासून? गेल्या साली? त्याच्या आधीच्या साली? तेव्हा आमची पोरं पाण्यावर होती, तेव्हा तू काय ऐकत होतीस? आणि मग तिला काठावरही कुणी उभं करणार नाही. बहिरी म्हातारी, शिंगाडे सोलायला बसवायची. तिला वाटलं, उद्या गोदाला ताप यावा. पाऊस यावा. म्हशींनी सगळं तळं तुडवावं.

सकाळी काहीच झालं नाही. आभाळ स्वच्छ होतं. पाण्यावर धुकं होतं ते उन्हाने निवळलं. गोदाला हळद लावली. गार पाण्याने पाय आखडू नयेत म्हणून माणिकबाईने लेकीच्या पायांना जवसाचं तेल चोळलं. चोळताना तिचे ओठ सारखे हलत होते, पण ते शब्द नव्हते, नुसती प्रार्थना असावी. सगळा भोईपुरा काठावर जमला. पलीकडच्या काठावर गवळणीही येऊन उभ्या राहिल्या. श्रावणने सांगड पाण्यात सोडली. ती तरंगली. शहाण्यासारखी.

गोदा पाण्यात उतरली. बांबूवर हात ठेवून तिने मागे वळून पाहिलं, आईकडे नाही, सासूकडे. सत्यभामाने असंच पाहिलं होतं.

पार्वताबाईच्या पायाशी शिंगाडे कुटायचं मुसळ पडलेलं होतं. ते कधी उचललं, पाण्यात कधी शिरली, ते तिला आठवत नाही. तिने मुसळ दोन्ही हातांनी वर घेतलं आणि गोदाच्या पुढ्यातल्या घागरीवर घातलं. घागरीच्या ठिकऱ्या झाल्या. सांगड कलली. गोदा मागे सरकून गुडघाभर पाण्यात बसली.

घागर फोडतात ती मसणात, खांद्यावर घेऊन प्रेताभोवती फिरल्यावर. नव्या सुनेसमोर, तिच्या पहिल्या तोडण्याला, सासूने घागर फोडली होती.

माणिकबाई पाण्यात धावली आणि तिने पार्वताबाईचे केस धरले. तिचं तोंड पार्वताबाईच्या तोंडासमोर होतं, म्हणून प्रत्येक शब्द दिसला.

“माह्या पोरीच्या नावानं मडकं फोडलं! जित्या पोरीच्या! चेटकीन हायेस का तू?”

“मले आयकू येत नाई,” पार्वताबाई म्हणाली.

“काय आयकू येत नाई? सगयं आयकू येते तुले!”

“नाई येत. तू काय बोलून राह्यली ते दिसते मले. येत नाई आयकू. या घागरीचंबी नाई आलं. कोनत्याच घागरीचं नाई आलं.” तिला तिचा आवाज ऐकू येत नव्हता, त्यामुळे ती किती मोठ्याने ओरडते आहे ते कळलं नाही. पलीकडच्या काठावरच्या गवळणींपर्यंत ते गेलं. “सगयं बोट खोटं हाये! कोनी पान्यात नका जाऊ!”

माणिकबाईच्या हातातले केस सुटले.

श्रावणने पाण्यातून फुटक्या घागरीची एक ठिकरी उचलली. कड पाहिली, दुसरी उचलली, बोटाने खरवडली. सगळीकडे लाल, एकसारखी, भाजलेली. तो आईसमोर येऊन उभा राहिला, म्हणजे तिला दिसावं.

“चांगली होती व माय. हे चांगली होती.”

पार्वताबाई त्या ठिकरीकडे बघत राहिली. मग माणिकबाई खाली वाकली. कलंडलेल्या सांगडीची दुसरी घागर तिने बांबूपासून सोडवली, लुगड्याच्या पदराने कोरडी पुसली, तळहातावर उपडी घेतली. नदीवरची असली तरी भोयाचीच बाई. जन्मभर पाणी भरलेली. तिने टिचकी मारली. मारून थांबली. जरा फिरवून पुन्हा मारली.

पार्वताबाई तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. आयुष्यात कुठल्या घागरीचा आवाज तिने इतकं लक्ष देऊन ऐकला नव्हता, जितका तो चेहरा तिने पाहिला. माणिकबाईच्या भुवया आधी जवळ आल्या. मग गाल खाली आले. मग तिने घागर छातीशी धरली आणि ती पाण्यातच खाली बसली, लेकीच्या शेजारी.

“हे बद्द बोलते,” ती म्हणाली.

फोडायची ती राहिली होती, नको ती फुटली होती. घागर फोडून पार्वताबाई गप्प राहिली असती तर श्रावणने त्या बद्द घागरीला दुसरी चांगली घागर जोडली असती आणि गोदा डोहावर गेली असती.

त्या दिवशी कुणी तळ्यात उतरलं नाही. सगळ्या सांगडींचे बांबू सोडले, घरोघरच्या घागरी काठावर आणल्या आणि बायका वाजवायला बसल्या. कुणी पार्वताबाईशी बोललं नाही. नंतरही कितीतरी दिवस बोललं नाही. बऱ्याच घागरी चांगल्या निघाल्या. काही निघाल्या नाहीत. चुलीमागच्या राखेच्या घागरीही कुणीतरी रिकाम्या करून आणल्या. त्यातल्या बहुतेक खणखणीत होत्या.

गोदा ओल्या लुगड्यानेच सासूजवळ येऊन बसली. पार्वताबाईने तिच्याकडे पाहिलं नाही. तेव्हा गोदाने तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. सुनेने असं करायचं नसतं.

“मले मालूम होतं, आत्याबाई. मी मांगून हाक मारत होती तं तुमी पाह्यत नव्हत्या.”

“मंग पान्यात काहून उतरली व?”

“तुमी बोट लावलं होतं,” गोदा म्हणाली.

पार्वताबाईला त्या दिवसातलं सगळं पुढे पुसट झालं, हे वाक्य नाही. मुसळ उचलायला आणखी श्वासभर उशीर केला असता तर ही पोरगी, सगळं माहीत असून, सांगडीवर बसली असती.

पुढच्या हंगामापासून गोदा घागरी वाजवू लागली. पहिल्या साली भोई तिच्या रेघेवर विसंबले नाहीत. स्वतः टिचकी मारल्याशिवाय कुणी सांगड बांधेना. पार्वताबाईला ते बरं वाटलं. डोहावरच्या पहिल्या तोडण्याची रीत मात्र गेली. म्हणजे कुणी बंद केली नाही. पुढल्या नव्या सुनेची पाळी आली तेव्हा तिच्या सासूने कुणाकडे न बघता टोपली उचलून घरात ठेवली, आणि कुणी विचारलं नाही.

गोदाला पोरं झाली, पोरं पाण्यावर जाऊ लागली. गवळ्यांच्या म्हशी होत्या तशाच राहिल्या. पार्वताबाईच्या कानातले रातकिडे शेवटपर्यंत थांबले नाहीत, आणि भीतीही नाही. हंगामभर ती काठावर बसून असायची. सांगडी पानांत शिरल्या की तिचे ओठ कोरडे पडायचे आणि शेवटची सांगड काठाला लागेपर्यंत ती पाणीही पीत नसे. माणिकबाई दर दसऱ्याला यायची. दोघी शेजारी बसायच्या, पण पार्वताबाई तिच्याशी बोलताना पाण्यावरून डोळे काढत नसे, त्यामुळे माणिकबाईचं बोलणं अर्धं वाऱ्यावर जायचं. “हे बरं हाये,” माणिकबाई म्हणायची, “शिव्या देल्या तं लागत नाई ईनबाईले.”

घागरी पारखायच्या दिवशी मात्र पार्वताबाई गोदाच्या समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसायची. चुन्याची वाटी म्हातारीच्या मांडीवर असायची. गोदा घागर तळहातावर घेऊन टिचकी मारायची आणि पार्वताबाई सुनेचा चेहरा बघायची, पापणी न लववता. चेहरा मोकळा झाला की वाटी पुढे करायची. आणि गोदाच्या कपाळावर बारीकशी आठी आली, अजून तिचं तिलाही कळलं नसेल, की म्हातारी तळहात उपडा करून वाटी झाकून टाकायची.